न्यायमूर्तींचें लिखाण आणि कुणब्याचा हिशेब
(डोलवी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढें एका न्यायाधीशाच्या लिखाणाविषयीं बोलणार आहें. न्यायाधीश म्हटला कीं आपल्या माणसाच्या पोटांत गोळा येतो. कोर्टाची पायरी शहाण्यानें चढूं नये असें आपले वाडवडील सांगत आले, आणि ते अनुभवानेंच सांगत होते. तेव्हां तुम्ही विचाराल, भात झोडणाऱ्यानें, मीठ ओढणाऱ्यानें, मूर्ति घडविणाऱ्यानें न्यायाधीशाचीं पुस्तकें ऐकून काय करावें? माझें उत्तर असें कीं आपल्याविषयीं दुसऱ्यानें काय लिहून ठेवलें हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याची जमीन कधीं गेली हेंहि त्याला ठाऊक होत नाहीं. धरमतरच्या खाडीला लागून असलेल्या या पट्ट्यांत बांध फुटला तर खारें पाणी शेतांत शिरतें, तें डोळ्यांना दिसतें. कागद फुटला तर दिसत नाहीं.

हे न्यायाधीश म्हणजे महादेव गोविंद रानडे. जन्म १८ जानेवारी १८४२, नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें. मृत्यु १६ जानेवारी १९०१. शिक्षण कोल्हापुरांत व मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत. १८७१ पासून सरकारी न्यायखात्यांत नोकरी, आणि १८९३ सालीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारल्यावर त्यांच्या जागीं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति. इंग्रज सरकारचा पगार त्यांनीं घेतला, तरी सरकारचा विश्वास त्यांच्यावर पुरता कधींच नव्हता. आपल्या जिल्ह्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनीं १८७९ सालीं बंड केलें, त्या वेळीं रानड्यांचीहि बदली धुळ्यास झाली व त्यांच्या टपालावर नजर ठेवण्यांत आली. राहणी साधी, बोलणें मोजकें, व्यसन नाहीं. नाचगाणें व दारू यांचा त्यांना तिटकारा. प्रार्थना समाजाचे ते पुढारी होते. एक देव, मूर्तीवांचून भक्ति आणि शुद्ध आचरण हा त्यांचा धर्म.

आतां त्यांच्या कामाकडे वळूं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें घेरलीं. त्यांना हवे होते ते गहाणखतांचे व कर्जरोख्यांचे कागद. कागद हातीं लागले कीं ते जाळीत. कुणब्याला वाचतां येत नव्हतें, पण आपल्या गळ्याचा फास कोणत्या वस्तूचा आहे हें त्यानें बरोबर ओळखलें होतें. या दंग्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता, घाटाखालीं नव्हता. या कायद्याच्या कामावर रानडे अनेक वर्षें होते, आणि पुढें त्याचे विशेष न्यायाधीश झाले. गांवोगांव फिरून दुय्यम कोर्टांचें काम तपासणें हें त्यांचें काम होतें. त्यांच्या पत्नी रमाबाई या फिरतींत बरोबर असत. त्यांनीं आपल्या आठवणींच्या पुस्तकांत त्या दिवसांचें वर्णन केलें आहे.

या कायद्यांतील एक कलम मी तुम्हांला समजावून सांगतों, कारण आजच्या भाषणाची किल्ली त्यांत आहे. आधींच्या रीतीप्रमाणें सावकारानें रोखा पुढें टाकला, खालीं कुणब्याचा अंगठा किंवा नांगराची निशाणी दिसली, कीं कोर्ट रोख्यावरील आंकडा खरा धरी. रोखा शंभराचा, तर कर्ज शंभराचें. घरीं आले तीस, तीन वर्षांचें व्याज मुद्दलांत मिळविलें, मग नवा रोखा, पुन्हां व्याज, पुन्हां नवा रोखा. असें होतां होतां तिसाचे शंभर झाले, हें विचारण्याची सोयच नव्हती. नव्या कायद्यानें कोर्टाला सांगितलें कीं रोख्याच्या मागें जा. देणेंघेणें पहिल्या दिवशीं कसें सुरू झालें तेथपासून चौकशी कर. रोख रक्कम हातांत किती पडली तें पहा. मुद्दल निराळें मांड, व्याज निराळें मांड. कर्जासाठीं कुणब्याला तुरुंगांत टाकूं नको. त्याला हप्ते बांधून दे. जी जमीन नांवनिशीवार गहाण टाकलेली नाहीं ती विकूं नको.

मंडळी, कागदावर काय लिहिलें आहे तेवढेंच पाहूं नये, तो कागद कसा तयार झाला तें पाहावें, असें त्या कायद्यानें न्यायाधीशास शिकविलें. सावकारहि कच्चे नव्हते. गहाणखताचा हिशेब उघडतात असें दिसतांच त्यांतील कित्येकांनीं गहाणाऐवजीं खरेदीखतच लिहून घेण्यास आरंभ केला, आणि पुढें त्यासाठीं कायदा दुरुस्त करावा लागला. पण हिशेब उघडण्याचें तत्त्व खोटें नव्हतें.

याच तत्त्वानें आपण आतां रानड्यांच्या लिखाणाकडे पाहूं. प्रथम जमेची बाजू मांडतों, कारण उधारी दाखवून जमा लपविणें हा सावकारी धंदा झाला.

पुण्याच्या सार्वजनिक सभेचें त्रैमासिक १८७८ सालीं निघालें, त्यांत त्यांनीं पुष्कळ लिहिलें. १८९८ सालीं त्यांच्या अर्थशास्त्रावरील निबंधांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत काय नाहीं? रशियांत १८६१ सालीं जमिनीशीं जखडलेले भूदास मोकळे झाले, त्याची हकीकत आहे. प्रशियांतील जमिनीचे कायदे आहेत. डच लोक जावा बेटांत शेतकऱ्याकडून सरकारी पिकें कशीं काढून घेत, तें आहे. शेतकऱ्याला हलक्या व्याजानें पैसा कसा मिळेल याचा विचार आहे. आणि डोलवीकरांनो, आपल्या देशांत लोखंड गाळण्याचे जे प्रयत्न झाले त्यांवर १८९२ सालचा एक निबंध आहे. ज्या खाडीकांठीं आज पोलादाचा मोठा कारखाना उभा आहे, तेथल्या लोकांनीं हें ऐकण्यासारखें आहे. विलायतेचें अर्थशास्त्र हिंदुस्थानास जसेंच्या तसें लागू करूं नये, येथील धंदे मरत आहेत, सर्व भार शेतीवर पडत आहे, आणि उद्योग उभे करण्यास सरकारनें हात दिला पाहिजे, असें ते इंग्रज सरकारच्या नोकरींत राहून लिहीत होते. विणकराचा माग बसला, लोहाराची भट्टी विझली, तर तोहि कुणब्याच्या शेतावर येऊन मजुरी मागतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दुसरें, १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांचें पुस्तक निघालें. एका शूर सरदारानें चार किल्ले घेतले आणि राज्य झालें, असें इंग्रज इतिहासकार लिहीत. रानडे म्हणाले, तसें नव्हे. आधीं सगळा समाज जागा झाला, मग राज्य झालें. आणि समाज जागा कोणीं केला? नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सांवता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार, चोखा महार, तुकाराम कुणबी. युरोपांत ज्या धर्मसुधारणेनें पोपाची सत्ता ढिली केली, तिच्या जोडीला त्यांनीं आमच्या वारकरी संतांना बसविलें. तरी हेंहि सांगितलें पाहिजे कीं शिवाजी महाराजांना कुळवाडीभूषण म्हणून त्यांचा पोवाडा जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालींच छापला होता, म्हणजे न्यायमूर्तींच्या पुस्तकाच्या तीस वर्षें आधीं.

ही झाली जमा. आतां नांवें बाजू.

१८८३ हें साल लक्षांत ठेवा. त्या सालीं रानड्यांनीं रशियाच्या भूदासांवर व प्रशियाच्या जमिनीवर इंग्रजींत निबंध लिहिले. त्याच सालीं जोतीरावांनीं मराठींत ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शहर एकच, पुणें. विषय एकच, जमीन कसणारा. पण दोन्ही लिखाणें शेजारीं ठेवलीं तर एकाच गांवाचे हे दोन नकाशे आहेत असें वाटत नाहीं.

रानड्यांचा विचार असा कीं जो कसतो त्याचा जमिनीशीं संबंध अगदीं तुटला तर राष्ट्राची हानि आहे. पण सगळीकडे एकाच मापाचे लहान लहान शेतकरी असणें हेंहि हितावह नाहीं. जमीनजुमला, भांडवल व शिक्षण असलेला एक वर्ग वर असावा. विचार मोठा आहे, त्याला परदेशाचे दाखले आहेत. पण मी विचारतों, भांडवल व शिक्षण त्या काळीं कोणाच्या घरीं होतें? कुणब्याच्या घरीं नव्हतें. मग वरचा वर्ग कोण होणार हें वेगळें सांगावयास नको.

‘असूड’ जमिनीवरून वर पाहतो. दर तीस वर्षांनीं पाहणी होऊन सारा वाढतो. त्यावर लोकल फंड. जंगल खात्यानें कुरणें बंद केल्यामुळें जनावरांना चारा नाहीं. शेताची चांगली माती पावसानें वाहून जाते. विलायती कापडानें साळी-कोष्टी बुडाले. कचेरींत अर्ज लिहिणारा, तो वाचणारा, त्यावर शेरा मारणारा आणि निकाल सांगणारा एकाच जातीचा, आणि कुणबी बाहेर उन्हांत बसलेला. जोतीराव रडून थांबत नाहींत. रिकाम्या पलटणीच्या व पोलिसांच्या हातून ताली, बंधारे व तलाव बांधून घ्यावे म्हणजे वाहून जाणारें पाणी व माती शेतांतच राहील, असा उपाय ते सांगतात. ज्यांचें सगळें जीवित बांधावर व उघाडीवर अवलंबून आहे अशा खारेपाटांतील माणसांना हा उपाय पुस्तकी वाटणार नाहीं.

मग १८८५ साल आलें. शेतकऱ्याची स्थिति तीस वर्षांपूर्वींपेक्षां सुधारली आहे, असें रानडे जाहीर रीतीनें बोलले. जोतीरावांनीं त्याच सालीं ‘इशारा’ नांवाचें लहान पुस्तक छापून त्यांस जबाब दिला. त्याच सालीं पुण्यांत मराठी ग्रंथकारांची सभा भरविण्याचें ठरलें. रानड्यांनीं जोतीरावांस बोलावणें पाठविलें. जोतीरावांनीं येण्याचें नाकारलें, आणि कां नाकारतों तें पत्रानें कळविलें. शूद्रादि-अतिशूद्रांच्या दुःखाशीं ज्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसत नाहीं त्यांत आम्ही मिसळून काय करावें, असा त्या पत्राचा आशय होता.

तुम्ही म्हणाल, रानडे लबाड होते काय? मुळींच नाहीं. ते प्रामाणिक नसते तर आज त्यांच्याविषयीं बोलण्याचें कारणच नव्हतें. लबाडाची चूक पकडणें सोपें असतें. प्रामाणिक माणसाची चूक आपण आदरानें डोक्यावर घेऊन चालतों. शेतकऱ्याच्या कर्जाचे कागद त्यांच्याइतके क्वचितच कोणीं चाळले असतील. पण कोर्टांत जो कुणबी येतो तो वादी किंवा प्रतिवादी होऊन येतो. त्याची जबानी दुसरा लिहितो, दुसऱ्याच्या शब्दांत. त्याची बायको कोर्टांत येत नाहीं. ज्याची जमीन दहा वर्षांमागें गेली आणि जो गिरणींत निघून गेला, तो तर मुळींच येत नाहीं. शिवाय रानड्यांचे हे निबंध इंग्रजींत. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याला तें वाचून ‘हें खरें नाहीं’ म्हणण्याची सोय नव्हती. सावकाराच्या रोख्यांत कुणब्याचा अंगठा तरी होता. या निबंधांत तोहि नव्हता. ज्या न्यायाधीशास कायद्यानें रोख्याच्या मागें जाण्यास शिकविलें, त्यांना आपल्याच वर्गाच्या समजुतीमागें जाणें मात्र पुरतें साधलें नाहीं.

आतां एक दूरची गोष्ट सांगतों, ती येथें उपयोगी पडेल. अमेरिकेंत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हां मॅसॅच्युसेट्स प्रांतांत प्युरिटन पंथाचे लोक राहत. कडक धर्माचरणाचे, नाचतमाशाचा तिटकारा असलेले, रोज आपल्या मनाची झडती घेणारे. त्यांच्यांत सॅम्युएल स्यूअल नांवाचा न्यायाधीश होता. १८ व्या शतकांतील त्या वसाहतीची माहिती हवी असेल तर त्याची पन्नासांहून अधिक वर्षांची रोजनिशी आजहि वाचतात. १६९२ सालीं सेलम गांवीं चेटुक केल्याचा आळ बायकामाणसांवर आला. खटले चालले, १९ जणांस फांशीं दिलें आणि एका म्हाताऱ्यास दगडांखालीं चिरडून मारलें. त्या कोर्टांतील न्यायाधीशांपैकीं हा स्यूअल एक. पांच वर्षांनीं, १६९७ च्या जानेवारींत, भर देवळांत तो उभा राहिला. त्यानें लिहून दिलेला कबुलीजबाब धर्मगुरूनें सर्वांसमक्ष वाचला, आणि त्या खटल्यांचा दोष व लाज त्यानें आपल्या शिरावर घेतली. पुढें १७०० सालीं त्यानें माणसांची गुलाम म्हणून विक्री करणें पाप आहे असें सांगणारें चोपडें छापलें. त्याच्या गांवचे श्रीमंत गुलाम बाळगीत होते, तरी छापलें.

रानडेहि एका अर्थानें आमच्याकडचे प्युरिटनच. पण त्यांच्या वांट्याला आलेलें प्रायश्चित्त पहा. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथें चहा व बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नाहीं. पण नांवें छापलीं गेलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें. शेवटीं १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. स्यूअलनें वीस जिवांसाठीं मान खालीं घातली. आमच्या न्यायमूर्तींना एका चहाच्या पेल्यासाठीं घालावी लागली! मित्रांची कोंडी सुटावी म्हणून त्यांनीं तें केलें असें सांगतात. असेल. पण धर्माच्या ज्या पंचायतीला चहा हें पाप दिसतें आणि विहिरीवरून हाकलून दिलेला तान्हेला माणूस दिसत नाहीं, तिच्यापुढें इतका मोठा माणूस वांकला तर लहानानें कोणाकडे पाहून ताठ उभें राहावें? १८७३ सालींहि असेंच झालें होतें. विधवाविवाहाचे पुढारी असलेल्या रानड्यांनीं पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहानें, अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. त्या मुलीला त्यांनीं शिकविलें आणि तिनें पुढें १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढलें, हें खरें. परंतु त्यामुळें ज्या विधवेचा हात धरावयाचा राहिला ती पुन्हां अंधारांतच राहिली, हेंहि खरें.

तरी न्यायाच्या तराजूंत दोन्ही पारडीं धरावीं. १८७५ सालीं स्वामी दयानंदांची मिरवणूक पुण्यांत निघावयाची होती आणि विरोधक दंगा करणार अशी धास्ती होती, तेव्हां मदतीस आले ते जोतीराव आणि त्यांचे गडी. त्या मिरवणुकींत रानडे व फुले एका बाजूस होते. १८९५ सालीं पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपांत सामाजिक परिषद भरूं देणार नाहीं, मंडप जाळूं, अशा धमक्या आल्या. रानड्यांनीं मंडप सोडला, परिषद सोडली नाहीं. ती दुसरीकडे भरविली. आणि १८ जानेवारी १९४३ रोजीं, रानड्यांच्या जयंतीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पुण्यांत भाषण करून त्यांना थोर पुरुष म्हटलें. सरकाराविरुद्ध बोलणाऱ्यापेक्षां स्वतःच्या समाजाविरुद्ध उभें राहणाऱ्यास अधिक धैर्य लागतें, असें त्यांचें मत होतें. बाबासाहेब फुकट माप टाकणारे नव्हते.

मग आपण यांतून काय घ्यावें?

पहिलें हें कीं मोठ्या माणसाचें लिखाण सोंवळ्यांत ठेवूं नये आणि उकिरड्यावरहि फेकूं नये. त्याचा हिशेब उघडावा. मुद्दल निराळें, व्याज निराळें. रानड्यांचें मुद्दल खरें आहे. उद्योगाविषयीं, पतपेढीविषयीं, संतांविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें आपल्या मुलामुलींनीं मराठींतून वाचावें. त्यावर चढलेलें वर्गाचें व्याज मात्र आपण देणें लागत नाहीं.

दुसरें हें कीं आपली फिर्याद आपणच लिहावी. याचा दाखला शोधण्यास पुण्यास जाण्याचें कारण नाहीं. शेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरी गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं १९३३ सालीं खोतांच्या जमिनी कसणें बंद केलें आणि १९३९ पर्यंत संप चालविला. सहा वर्षें! लांकडें फोडून, करवंदें विकून पोरांचीं तोंडें भरलीं, पण नांगर धरला नाहीं. त्या लढ्यांतच १९३७ सालीं ‘कृषीवल’ साप्ताहिक निघालें, कारण आपलें म्हणणें दुसऱ्याच्या पत्रांत जसेंच्या तसें येत नाहीं हें त्यांनीं जाणलें होतें. त्याच वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें, आणि १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला. न्यायमूर्तींच्या निबंधांत ज्या कुळाला वाचा नव्हती, तें कूळ येथें बोलूं लागलें.

आणखी जवळचें सांगतों. सप्टेंबर २००८ मध्यें याच पेण तालुक्यांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांना, विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन देण्यास तुम्ही राजी आहां काय, असें सरकारला विचारावें लागलें. एकेकाचें मत घेतलें. तुमची स्थिति सुधारेल कीं बिघडेल हें पुण्यामुंबईच्या पंडितांनीं ठरविण्याऐवजीं त्या वेळीं ज्याची जमीन त्याला विचारलें. ‘इशारा’ लिहिला गेल्यापासून हें घडण्यास १२३ वर्षें लागलीं. आणि तेंहि कोणीं आपण होऊन दिलें नाहीं. लोक रस्त्यावर आले तेव्हां मिळालें.

तेव्हां मायबहिणींनो, घरांत जमिनीचा कागद आला तर तो देव्हाऱ्यांत ठेवून कुंकूं लावूं नका. मोठ्यानें वाचा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या आणि प्रत्येक ओळीला ‘हें कसें?’ विचारा. सात-बाऱ्यावर कोणाचें नांव आहे, बहिणीचें व आईचें आहे कीं नाहीं, तें पहा. मोबदला किती लिहिला आणि हातांत किती आला, हें दोन रकान्यांत मांडा. नोकरीचें वचन तोंडीं असेल तर तें कागदावर घ्या. गांवकीच्या बैठकींत काय ठरलें तें लिहून ठेवा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या. कारागिरांनीं आपल्या मालाचा, कच्च्या मालाचा व उधारीचा हिशेब ठेवावा; मूर्तीला रंग देणाऱ्या हाताला चार आंकडे मांडणें जड जाणार नाहीं.

सुप्यांच्या कुणब्यांनीं कागद जाळले, कारण त्यांना ते वाचतां येत नव्हते. आपल्याला वाचतां येतें. आपण ते उघडूं या.